लहान मुलांसह दूर पल्ल्याचा परदेशप्रवास

लहान मुलांसह दूर पल्ल्याचा परदेशप्रवास म्हणजे तान्ह्या, बालवाडीच्या किंवा प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना बरोबर घेऊन कुटुंबाने सुटीसाठी केलेला, साधारणतः सहा तासांहून अधिक विमानप्रवासाचा परदेश दौरा होय. या प्रवासाचे नियोजन प्रौढांच्या प्रवासाहून वेगळे असते. मुलाचे तिकीट, आसन, पारपत्र, व्हिसा शुल्क, लसीकरण आणि दिनक्रम या सर्व बाबी त्याच्या वयावर अवलंबून असतात. म्हणून ठिकाण व तारीख ठरविताना कुटुंबातील सर्वांत लहान सदस्याच्या वयापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

पार्श्वभूमी

एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने न्यूयॉर्कपर्यंतची सेवा सुरू झाली. परदेशी सहल मात्र दीर्घकाळ मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहिली. पुढे सहल कंपन्यांच्या समूह सहलींमुळे ती मराठी कुटुंबांत रुळली. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली केसरी टूर्स ही त्यांपैकी एक होय. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमुळे नातवंडांना आजी-आजोबांकडे घेऊन येण्याचा प्रवासही नित्याचा झाला आहे. मुंबईहून लंडनला थेट विमानाने सुमारे नऊ ते दहा तास, तर न्यूयॉर्कला सुमारे पंधरा ते सोळा तास लागतात.

कागदपत्रे

पूर्वी अनेक देशांत मुलांची नावे आई-वडिलांच्या पारपत्रावर लिहिली जात. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र लागते. युरोपीय संघात हा नियम २६ जून २०१२ पासून लागू आहे. भारतात अल्पवयीन मुलाचे पारपत्र पाच वर्षांसाठी किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत वैध असते. पंधरा वर्षांवरील मुलांना दहा वर्षांच्या मुदतीचा पर्याय मिळतो. प्रौढांचे पारपत्र दहा वर्षांचे असल्याने मुलाचे पारपत्र आधी संपते, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. अनेक देश पारपत्राची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात.

मुलाच्या पारपत्राच्या अर्जासोबत आई व वडील या दोघांच्या संमतीचे ‘परिशिष्ट डी’ हे घोषणापत्र जोडावे लागते. एकाची संमती मिळू शकत नसल्यास ‘परिशिष्ट सी’ वापरले जाते.

शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नसते. जून २०२४ पासून सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो व प्रौढांना ९० युरो शुल्क आहे. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा मात्र मुलांसाठीही आवश्यक असतो.

पालकांची संमती

आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, अथवा मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर अनुपस्थित पालकांचे संमतीपत्र व जन्म दाखला जवळ ठेवणे इष्ट असते. पालकांच्या वादातून मुलाला परदेशी नेऊन तेथेच ठेवण्याचे प्रकार रोखण्यासाठी अनेक देशांचे अधिकारी अशी कागदपत्रे तपासतात. दक्षिण आफ्रिकेने जून २०१५ मध्ये मुलांसाठी सविस्तर जन्म दाखल्याची सक्ती केली होती. पुढे ती शिथिल करण्यात आली. या विषयावरील १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे विभक्त पालकांच्या बाबतीत न्यायालयाचा ताबाविषयक आदेश जवळ असणे विशेष महत्त्वाचे ठरते.

तिकीट व आसन

दोन वर्षांखालील बाळ प्रौढाच्या मांडीवर बसून प्रवास करू शकते आणि त्याचे आंतरराष्ट्रीय भाडे सामान्यतः प्रौढ भाड्याच्या सुमारे दहा टक्के असते. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावेच लागते. प्रवासादरम्यान दुसरा वाढदिवस येत असल्यास परतीच्या प्रवासासाठी वेगळे तिकीट लागते. पुढच्या भिंतीला लावण्याचा पाळणा मोजक्याच आसनांपुढे असतो व त्याला वजनाची मर्यादा असते. म्हणून तो तिकीट काढतानाच मागून ठेवावा लागतो.

मांडीवरील बाळाच्या सुरक्षिततेबाबत मतभेद आहेत. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. त्यांपैकी एक दगावले. आपत्कालीन उतरणीपूर्वी, तेव्हाच्या नियमानुसार, या मुलांना जमिनीवर ठेवून धरण्याची सूचना पालकांना देण्यात आली होती. विमानातील मुख्य परिचारिका जॅन ब्राउन यांनी त्यानंतर प्रत्येक बाळाला स्वतंत्र आसन मिळावे यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानेही तशी शिफारस केली. विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती करण्यास नकार दिला. तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे अधिक धोक्याच्या रस्तेप्रवासाकडे वळतील, असे त्याचे म्हणणे होते. बाळासाठी आसन विकत घेऊन त्यावर मान्यताप्राप्त बालआसन बांधणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय असल्याचे मात्र दोन्ही संस्था मानतात.

आरोग्य

भारताच्या लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या वयात दिला जातो. अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र आंतरराष्ट्रीय प्रवासापूर्वी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना गोवराचा एक जादा डोस देण्याची शिफारस करते. नेहमीचे डोस त्यानंतरही घ्यावेच लागतात.

केनियासारख्या देशातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस सर्वसाधारणपणे नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळांना देतात. सहा महिन्यांखालील बाळांना ती वर्ज्य आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. ते नसल्यास प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. यामुळे तान्हे बाळ असलेली कुटुंबे पूर्व आफ्रिकेची सफर अनेकदा पुढे ढकलतात.

विमान उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. बाळांची कंठकर्णनलिका अरुंद असल्याने त्यांना तो अधिक जाणवतो. त्या वेळी स्तनपान दिल्यास, बाटलीने दूध पाजल्यास किंवा मोठ्या मुलांना घोट घोट पाणी दिल्यास गिळण्याच्या क्रियेने दाब कमी होतो. मूल झोपावे म्हणून सर्दीचे किंवा गुंगी आणणारे औषध देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. जलसंजीवनीची पाकिटे व नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातसामानात ठेवतात. द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला व अन्नाला सहसा लागू होत नाही, परंतु त्याची तपासणी होते.

वेळेतील फरक व दिनक्रम

उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेचार तास, तर न्यूयॉर्कचे साडेनऊ तास मागे असते. शरीराचे अंतर्गत घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळते. मानवी शरीराचे नैसर्गिक चक्र चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने पूर्वेकडील प्रवास अधिक जड जातो. अमेरिकेत पोहोचलेली मुले पहिले काही दिवस मध्यरात्रीनंतर जागी होतात व भूक लागल्याचे सांगतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत मोठे बेत न आखणे, सकाळच्या उन्हात मुलांना बाहेर नेणे आणि एकाच ठिकाणी अधिक दिवस मुक्काम करणे हितकर ठरते. स्वयंपाकाची सोय असलेल्या निवासात मऊ भात, खिमट यांसारखे सवयीचे अन्न देता येते.

स्थानिक नियम

ब्रिटनमध्ये बारा वर्षांपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलांसाठी मोटारीत बालआसन आवश्यक असते. जर्मनीत ही उंचीची मर्यादा १५० सेंटिमीटर आहे. भाड्याच्या मोटारीसोबत असे आसन आधी नोंदवावे लागते. ऑस्ट्रेलियात उतरताना बरोबरच्या खाद्यपदार्थांची घोषणा करणे बंधनकारक आहे. न केल्यास दंड होतो.

हेही पहा

पारपत्र
व्हिसा
लसीकरण
प्रवास विमा