कुमारांचा संघ आणि आमचा मुलूख

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत देवस्थानांची माहिती, कुलवृत्तांत, गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या व दिवंगत ज्येष्ठांची चरित्रे यांस अग्रस्थान मिळावे, हे यथायोग्यच आहे. खेळाच्या इतिहासास मात्र या पृष्ठांत सहसा जागा मिळत नाही. ज्या खेळास आमचे वडीलधारे ‘चेंडूफळी’ म्हणत, त्या क्रिकेटविषयी काही लिहावे असे आम्ही सुचविले, तेव्हा ‘यात ज्ञातीच्या हिताचे ते काय?’ असा प्रश्न येणार हे आम्ही गृहीत धरलेच होते. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, सुगी संपून राने मोकळी झाली की मत्स्योदरी देवीच्या डोंगराभोवतीच्या शिवारात संध्याकाळी दृष्टी टाकावी. जिथे तिथे काठ्यांच्या यष्ट्या रोवलेल्या दिसतात, आणि त्या खेळणाऱ्यांत आपल्याही घरची मुले असतात.

भारतीय क्रिकेटचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो ज्येष्ठ संघाचा. कसोटी सामन्यांचा व त्यांतील दिग्विजयांचा. परंतु आमच्या मुलखापुरते बोलावयाचे तर एकोणीस वर्षांखालील कुमारांच्या संघाचा इतिहास आम्हांस अधिक जवळचा वाटतो. कारण ज्येष्ठांच्या पंगतीत आमच्या भागातील मुलास पाट क्वचितच मांडला गेला. कुमारांच्या पंगतीत मात्र एकदा यजमानपदच आमच्याकडे आले होते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तोवर खेळाचे जे काही वैभव होते ते हैदराबाद-सिकंदराबादेस होते. मोईनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने १९३०-३१ पासून तेथे होऊ लागले. हैदराबादच्या संघाने १९३७-३८ मध्ये रणजी करंडकही जिंकला. मनमाडहून जालन्यावरून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून होता. तथापि त्या गाडीने आमच्याकडचे लोक गेले ते कचेरीच्या कामास व व्यापारउदिमास, यष्ट्या घेऊन नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि अंबडच्या पोराने क्रिकेटसाठी तोंड करावयाची दिशा हैदराबादेकडून पुण्याकडे वळली. अंबड तेव्हा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे क्रिकेटचे तीन संघ आहेत. त्यांपैकी पुण्यास मुख्य ठाणे असलेला ‘महाराष्ट्र’ तो आमचा. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकणारा संघ हाच.

कुमारांच्या क्रिकेटचा पाया म्हणजे कूचबिहार करंडक. ही स्पर्धा १९४५-४६ मध्ये सुरू झाली. आरंभी ती शालेय संघांची होती. १९८७-८८ पासून एकोणीस वर्षांखालील मुलांची झाली. कूचबिहार हे बंगालकडील दूरचे संस्थान. त्याचे नाव ऐकून आपला काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्या गादीवर असलेले महाराज जगद्दीपेंद्र नारायण हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचे पुत्र. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीरावांचा नातू तो! विषयांतर झाले खरे, परंतु असे धागे हाती आले की सोडवत नाहीत.

जगातील कुमारांची पहिली विश्वस्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात भरली. भारतास उपांत्य फेरीही गाठता आली नाही. पुढे दहा वर्षे ही स्पर्धा झालीच नाही. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि २००० साली श्रीलंकेत मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली भारताने ती प्रथम जिंकली. त्या संघातील युवराजसिंगाने त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर १९९९ मध्ये, कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात पंजाबकडून ३५८ धावा केल्या होत्या. प्रतिपक्षी बिहारचा सगळा डाव ३५७ धावांचा, आणि त्या बिहारच्या संघात महेंद्रसिंग धोनी हा मुलगा होता. कुमारांच्या धावफलकास पुढे कसा अर्थ प्राप्त होतो, याचे हे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या मुलखाचे नाव भारताच्या संघात उमटले ते डिसेंबर २००१ मध्ये, आणि तेही एकदम दोनदा. मोहालीस इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी या दोघांनी एकाच सामन्यात पदार्पण केले. बांगर रेल्वेच्या संघातून आला होता, सिद्दीकी महाराष्ट्राकडून. सामना जिंकावयास अखेरीस अवघ्या पाच धावा हव्या होत्या, तेव्हा सिद्दीकी या गोलंदाजास सलामीस पाठविण्यात आले, आणि त्याने त्या पाचही धावा स्वतःच काढल्या. तो त्याचा पहिला व शेवटचा कसोटी सामना. बांगर बारा कसोट्या खेळला. २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ओलसर खेळपट्टीवर राहुल द्रविडसमवेत त्याने केलेली १७० धावांची भागीदारी जाणकार अद्याप विसरलेले नाहीत.

आता आमच्या कथेचा मुख्य भाग. २०११-१२ च्या हंगामात कूचबिहार करंडकाच्या एका सामन्यात महाराष्ट्राच्या कुमार संघाने आसामविरुद्ध फलंदाजी केली आणि जालन्याच्या विजय झोल याने नाबाद ४५१ धावा केल्या. वय सतरा वर्षांचे. एवढ्या धावा पुष्कळदा उभ्या संघालाही होत नाहीत.

या आकड्याचे मोल कळण्यासाठी दुसरा एक आकडा शेजारी ठेवावा लागेल. मराठवाडा मुक्त होऊन तीनच महिने झाले होते, त्या डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राचा सामना काठेवाडशी चालला होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांनी १९३० साली केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम हाकेच्या अंतरावर होता. परंतु काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला, सामना तेथेच सोडून दिला, आणि निंबाळकरांचा विक्रम नऊ धावांनी राहिला. निंबाळकरांस पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्याच महाराष्ट्राच्या नावाने खेळताना जालन्याचा हा मुलगा ४५१ वर थांबला, म्हणजे ब्रॅडमनच्या आकड्याच्या अवघी एक धाव अलीकडे! कुमारांचे सामने प्रथम दर्जाचे मानले जात नाहीत, म्हणून या दोन धावसंख्यांची शास्त्रोक्त तुलना होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी आकडे आकडेच असतात, आणि त्यांचे शेजारपण कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे उन्मुक्त चंदच्या भारतीय कुमार संघाने यजमानांस सहा गडी राखून हरविले व विश्वचषक जिंकला. त्या विजेत्या चमूत झोल होता. पुढल्या वर्षी संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. ४ जानेवारी २०१४ रोजी शारजा येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध झोलने शंभर धावा केल्या, संजू सॅमसननेही नेमक्या शंभर केल्या, आणि भारताने चाळीस धावांनी सामना जिंकला. मोसंबी, बियाणे व लोखंड यांसाठी ओळखला जाणारा आमचा जिल्हा त्या दिवसांत कर्णधाराचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. कोठे जालना अन् कोठे शारजा!

फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतच विश्वचषकाचे सामने झाले. पहिल्याच सामन्यात भारताने पाकिस्तानला पुन्हा नमविले. परंतु उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने शेवटच्या षटकात तीन गडी राखून बाजी मारली, आणि गतविजेत्या भारतास पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगून टाकावा असाच आहे. झोलच्या हाताखाली खेळलेल्या मुलांपैकी संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हूडा, सर्फराज खान व आवेश खान हे पुढे भारताच्या ज्येष्ठ संघात गेले. त्यांचा कर्णधार गेला नाही. तो महाराष्ट्राच्या रणजी संघातून खेळला, तसाच पैठणचा अंकित बावणेही वर्षानुवर्षे खेळला. दोघांनाही भारताची टोपी मिळाली नाही. लोक याला अपयश म्हणतात. हा शब्द आम्हांस मान्य नाही. मॅट्रिकला बोर्डात पहिला आलेला मुलगा पुढे कलेक्टर झाला नाही, म्हणून त्याचा तो पहिला क्रमांक कोणी खोडून काढीत नाही. कुमारांच्या संघाचा इतिहास हा ज्येष्ठांच्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून वाचण्याची जी रीत पडली आहे, तीत अशा मुलांवर अन्याय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ४५१ धावा काढल्या त्या काढल्या.

मुलूख मात्र तेथे थांबला नाही. २०२२ साली वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या कुमार संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर हा वेगवान गोलंदाज होता. २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत बीडच्या सचिन धस याने नेपाळविरुद्ध ११६ धावा केल्या, आणि ६ फेब्रुवारीस बेनोनी येथील उपांत्य सामन्यात त्याहून मोठे काम केले. यजमानांच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते. सामना हातचा गेला असे सर्वांनी धरले असता कर्णधार उदय सहारन व धस यांनी १७१ धावांची भागीदारी केली. धस ९६ वर बाद झाला. भारत दोन गडी राखून जिंकला. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियापुढे आपला पराभव झाला, ही गोष्ट निराळी. ज्या बीडने बांगर दिला, त्याच बीडने तेवीस वर्षांनी धस दिला.

या संघाविषयी पालकांस एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. येथे सर्व काही वयावर ठरते. सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांवरून वय तपासले जाते. २०१६ पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने असाही नियम केला की, एका मुलास कुमारांचा विश्वचषक एकदाच खेळता येईल. झोल २०१२ व २०१४ असे दोन विश्वचषक खेळला, तसे आता होणे नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख टाकण्याची जुनी पद्धत होती. कित्येक ज्ञातिबांधवांचे वाढदिवस त्यामुळेच एका दिवशी येतात. त्या विनोदाची किंमत खेळाडू मुलास फार मोठी मोजावी लागते. जन्मानंतर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत अथवा नगरपरिषदेत नोंद करून दाखला घरात जपून ठेवावा. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मनोंद यांत एका दिवसाचाही फरक राहू देऊ नये.

अंबड तालुक्यातील शाळांच्या जुन्या संघांची छायाचित्रे, धावांच्या वह्या किंवा ढाली ज्या कुटुंबांकडे असतील, त्यांनी त्या ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात दाखवाव्यात. नक्कल करून मूळ वस्तू परत केली जाईल, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत नाव-सालासह छापली जाईल. ज्यांच्या वह्यांची पाने वाळवीने खाल्ली असतील, त्यांनीही संकोच करू नये. उरलेली पानेही आम्हांस हवी आहेत.