तिरामिसूचें बालरूप

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव हें नांव काढलें कीं जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें महागणपतीचें देवालय आणि मोदकांचा नैवेद्य उभा राहतो. नव्या पिढीस त्याच नांवानें औद्योगिक वसाहत आठवते. या वसाहतींत फियाटच्या नांवानें उभारलेला मोटारींचा कारखाना आहे. ट्रॅक्टरांचे अ‍ॅक्सल व गिअरबॉक्स करणारा कारारो कंपनीचा कारखानाहि आहे. फियाट मूळची तूरिन शहराची. कारारोचें माहेर व्हेनेतो प्रांतांत, पादुआजवळील कांपोदार्सेगो या गांवीं. त्याच प्रांतांत, तेथून फार दूर नाहीं अशा अंतरावर, त्रेव्हीझो नांवाचें शहर आहे. आणि आज पुण्याच्या उपाहारगृहांतून, केकच्या दुकानांतून व घरोघरच्या फ्रिजमधून जें इटालियन मिष्टान्न मिरवतें आहे, त्या तिरामिसूच्या जन्मस्थानाचा मान बहुतेक लोक त्रेव्हीझोसच देतात. घोडनदीचें कांठ व व्हेनेतोचें मैदान यांचा संबंध असा यंत्रांच्या वाटेनें जुळलेला आहे. आतां तो पानांतहि येऊन पोहोंचला आहे.

परक्यास आपल्या रीतीनें आपलासा करणें ही शिरूरची नवी संवय नव्हे. कंपनी सरकारच्या अमदानींत येथें लष्करी छावणी होती. तेथील अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस हा १८०९ सालीं मरण पावला. पुढें आसपासच्या खेडुतांनीं त्याच्या थडग्यास सत्पुरुषाचें स्थान मानलें, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य ते तेथें दाखवूं लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्यें आहे. साहेबास नैवेद्य मिळाला तो मात्र गांवच्या धान्याचा! परदेशी पाहुणा स्वीकारावयाचा, पण पान आपल्या शेतांतल्या अन्नानें वाढावयाचें, हा त्यांतला न्याय ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तिरामिसूच्या बाबतींत हाच न्याय लावण्याचा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो. मोठीं माणसें जें खातात तेंच मुलांस हवें असतें. परंतु या पदार्थांत कडक कॉफी असते, कच्च्या अंड्यांचा बलक असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं मद्यहि असतें. मग घरची गृहिणी कॉफी काढते, मद्य काढते, अंडें काढते. तोंच कोणी जाणता पाहुणा म्हणतो, "हें सारें काढल्यावर याला तिरामिसू कशाला म्हणावयाचें?" प्रश्न वरकरणी चेष्टेचा असला तरी त्याच्या मुळाशीं एक समजूत आहे: प्रौढांचा पदार्थ तेवढा अस्सल, आणि मुलांसाठीं केलेला तो पातळ केलेला, कमी प्रतीचा. ही समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्यास या पदार्थाचा इतिहासच पाहिला पाहिजे.

प्रथम दंतकथा बाजूला काढूं. सतराव्या शतकांत तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो सिएना शहरीं गेला असतां त्याच्या सन्मानार्थ हें मिष्टान्न प्रथम रचलें गेलें, अशी एक कथा सांगतात. कथा राजेशाही आहे. पण तिला पुराव्याचा आधार नाहीं. इटालियन गृहिणींचा आधारग्रंथ म्हणजे पेल्लेग्रीनो आर्तूझी याचें १८९१ सालीं निघालेलें पाकशास्त्र. त्यांत शेंकडों पदार्थ आहेत, पण तिरामिसू नाहीं. हें मौन पुष्कळ बोलकें आहे. पदार्थाची घडणहि तेंच सांगते. मलईचें ताजें चीज व न शिजविलेलीं अंडीं यांचे थर तासन्‌तास गार ठेवावे लागतात. घरोघर व हॉटेलोहॉटेलीं फ्रिज आल्यावांचून असा पदार्थ रूढ होणें कठीण. आणि इटलींत तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे.

खरा वृत्तांत त्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. त्रेव्हीझो शहरांत 'ले बेक्केरीए' नांवाचें उपाहारगृह होतें. त्याचे मालक आदो कांपेओल व त्यांच्या पत्नी आल्बा. आणि तेथील मिठाई करणारे रोबेर्तो लिंग्वानोत्तो. या मंडळींनीं सुमारें १९७० च्या आसपास हा पदार्थ घडविला व १९७२ मध्यें तो त्यांच्या यादींत आला, असें मानतात. शेजारच्या फ्रिउली प्रांतास हें मान्य नाहीं. तोल्मेत्सो येथील एका हॉटेलांत १९५० नंतरच्या दशकांतच असा पदार्थ होत असे, असा त्यांचा दावा आहे. आणि २०१७ सालीं इटलीच्या कृषिखात्यानें पारंपरिक पदार्थांच्या यादींत तिरामिसूस फ्रिउलीच्या नांवें स्थान दिलें, तेव्हां व्हेनेतोंत मोठा गहजब झाला. दोन प्रांतांचें हें भांडण आपण त्यांच्यावरच सोपवावें. आपल्या कामाची गोष्ट निराळीच आहे.

१५ ऑक्टोबर २०१० रोजीं इटालियन पाककला-अकादमीच्या त्रेव्हीझो शाखेनें मूळ कृति म्हणून जी कृति नोटरीपुढें नोंदविली, तींतील जिन्नस असे: १२ अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मास्कारपोने, साठ सावोयार्दी बिस्किटें, कॉफी आणि कोको. मद्याचें नांव नाहीं! पदार्थ कुटुंबांतील लहान मुलें व वृद्ध यांनाहि खातां यावा म्हणून तें वगळलें होतें, असें त्रेव्हीझोकर सांगतात. मार्साला किंवा रम घालण्याची चाल मागाहून, पदार्थाच्या जगप्रवासांत, जडली. म्हणजे मुलांसाठीं मद्य काढणारी गृहिणी मूळ कृतींत फेरफार करीत नसून मागाहून चढलेला एक थर खरवडून काढीत असते.

याहून खोल जाऊं या. व्हेनेतोंत घरगुती बोलींत 'स्बातुदीन' म्हणून एक साधा खाऊ आहे: अंड्याचा बलक व साखर फेंस येईपर्यंत एकत्र फेंटावयाची, बस्स. हा खाऊ कोणास देत? वाढत्या मुलांस, आजारांतून उठलेल्यांस, वृद्धांस आणि बाळंतिणीस. कांपेओल घराण्याची आठवण अशी कीं, आल्बा बाळंतीण असतां अंगीं शक्ति यावी म्हणून त्यांच्या सासूबाई त्यांस अशाच जातीचें मिश्रण कॉफी घालून देत, आणि त्यांतूनच पुढें या मिष्टान्नाची कल्पना सुचली. 'तिरामिसू' या शब्दाचा अर्थहि 'मला वर ओढ', म्हणजे 'मला उभारी दे', असाच आहे.

आपल्याकडील वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, या ठिकाणीं ओळखीचा वास येईल. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हीं आपलीं बाळंतिणीचीं पथ्यें होत. त्यांवर घरांतलीं मुलें टपून बसलेलीं असतात, आणि हळूच त्यांच्याहि हातावर एकेक लाडू पडतो. आज डिंकाचा लाडू दुकानांत शोभिवंत पेटींतून मिळतो, म्हणून तो मूळचा श्रीमंतांचा पदार्थ होता असें कोणी म्हणणार नाहीं. तिरामिसूचें भाग्य असेंच आहे. अशक्तांच्या वाटींतून तो उपाहारगृहाच्या बशींत गेला, तेथें त्याची प्रतिष्ठा वाढली, आणि प्रतिष्ठेबरोबर त्याचें मूळ विसरलें गेलें. तेव्हां मुलांसाठीं तिरामिसू करणें ही त्याची अवनति नव्हे. तो त्याच्या माहेरीं परत जाणें होय.

मात्र माहेरींहि रीत असते. कोणता जिन्नस काय काम करितो हें न ओळखतां नुसती काटछांट केली, तर नांव उरतें व पदार्थ जातो. येथें शिरूर-दौंडच्या स्वयंपाकघरांत काय साधतां येईल तें पाहूं.

कॉफीचें काम दोन प्रकारचें: बिस्किट भिजविणें, आणि गोडास कडवटपणाची बाजू देणें. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं दिलेल्या मतानुसार मुलांनीं दिवसांत शरीराच्या दर किलो वजनास ३ मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेऊं नये. १५ किलो वजनाच्या मुलास ही मर्यादा ४५ मिलिग्रॅम होते. इटालियन पद्धतीच्या कॉफीच्या एका लहान पेल्यांतच सुमारें ८० मिलिग्रॅम असतें. म्हणून कॉफी काढावी हें योग्य; पण तिच्या जागीं केवळ साखरपाणी घालूं नये. इटालियन आया येथें एक जुनी युक्ति करितात. भाजलेल्या जवाचा काढा, 'ओर्झो', त्या मुलांस दुधांतून देतात. त्यांत कॅफीन नसतें, पण भाजल्याचा खरपूस कडवटपणा पुरेपूर असतो. जव आपणांस परका नाहीं. सातूचें पीठ खाल्लेल्या पिढीस तर त्याचा भाजका वास सांगावयास नको. जव तांबूस-काळे होईपर्यंत भाजावे, भरड करावे, उकळून गाळावे व दूध घालून निववावे. गोडीसाठीं गूळ हवा असल्यास दौंड तालुक्यांत गुऱ्हाळांची वाण नाहीं. मात्र तो काढा निवल्यावर घालावा, म्हणजे दूध नासण्याची भीति कमी.

मास्कारपोनेचें काम स्निग्धता देण्याचें. हें लोंबार्दी प्रांतांतलें चीज. ताजी मलई सुमारें ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून तींत लिंबाचा रस किंवा तत्सम आम्ल घालतात, आणि घट्ट झाली कीं फडक्यांत बांधून निथळत ठेवतात. ही फडक्यांतली गांठोडी पाहून कोणाहि मराठी माणसास चक्क्याची आठवण होईल. तथापि दोहोंत भेद आहे. चक्का विरजणानें होतो, म्हणून आंबट असतो; मास्कारपोने उष्णता व आम्ल यांनीं होतें, म्हणून गोडसर राहतें. नुसता चक्का घातला तर पदार्थ श्रीखंडाच्या वाटेस लागेल. दुभत्या जनावरांच्या या दोन्ही तालुक्यांत मलईस तोटा नसावा. तेव्हां घरींच मलई तापवून, लिंबू पिळून, रात्रभर निथळून घ्यावी हें उत्तम.

अंड्याच्या बलकाचें काम हलकेपणा व रंग देण्याचें. येथें धोका आहे तो साल्मोनेला नामक जंतूंचा, आणि तो लहान मुलांस अधिक बाधतो. बलक व साखर उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यांत सतत फेंटीत ७० अंशांच्या पुढें नेलें, म्हणजे हा धोका पुष्कळच टळतो व फेंसहि टिकतो. इटलींत 'झाबायोने' याच रीतीनें होतें, आणि तें आर्तूझीच्या ग्रंथांतहि आहे. ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं फेंटलेल्या सायीवर भागवावें. आणि वैशाख-ज्येष्ठांत, वीज जाण्याचा संभव असेल अशा दिवशीं, हा बेतच करूं नये.

राहिलें बिस्किट. सावोयार्दी कोरडें, सच्छिद्र व कमी स्निग्ध असतें. म्हणून तें पेय शोषून घेतें, पण विरत नाहीं. नानकटाई तुपामुळें पेय घेत नाहीं. ग्लुकोजचें बिस्किट घेतें पण लगेच गळतें. चहांत बुडवून खावयाचा बेकरींतला टोस्ट मात्र या कामीं चांगला साथ देतो. वर कोकोची चिमूट असली कीं पुरे.

दौंडच्या शेजारीं बारामतीस इटलीच्याच फेर्रेरो कंपनीचा कारखाना आहे, आणि तेथें तयार होणारें 'किंडर जॉय' मुलांच्या हट्टाचा नित्य विषय झालें आहे. त्यांतहि दूध व कोको यांच्या दोन मलया आहेत, वर खेळणें आहे. मुलांसाठीं वेगळें मिष्टान्न असावें ही कल्पना व्यापारानें किती पक्की ओळखली आहे, याची ती साक्ष होय. परंतु कारखाना जें देऊं शकत नाहीं तें एकच: आपल्या घरांतल्या या मुलास आज काय सोसेल याचा विचार. सासूबाईंनीं बाळंतिणीसाठीं फेंटलेल्या वाटींत तो होता, आणि गांवच्या आजीनें केलेल्या अळिवाच्या खिरींतहि तोच असतो.

अस्सलपणाची कसोटी नोटरीच्या कागदावर लागत नाहीं असें नाहीं. पण तो कागदहि शेवटीं मुलांच्याच बाजूनें साक्ष देतो. ज्या पदार्थाच्या नांवांतच 'मला उभारी दे' अशी हांक आहे, तो सर्वांत आधीं कोणाच्या पानांत वाढावा, हें त्याच्या जन्मकथेनेंच सांगून ठेविलें आहे.