गंगेचं पाणी दौलताबादला: दिल्लीकरांचं परमुलखातलं ताट

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा न्यू जर्सीतल्या दादाकडे निघाले की बॅगेत काय असतं? कपडे कमी, काळा मसाला, भाजणी आणि चकल्याच जास्त. कारण तिकडे गेल्यावर सण साजरा करायचा तर घरची चव हवीच ना! आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, ते घरच्या चवीला मुकले जवळपास ७०० वर्षांपूर्वी. आणि त्यांचं 'फॉरेन' कुठलं, तर आपलं दौलताबाद. शहरातून जेमतेम १५ किलोमीटर.

झालं असं, की १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानी करायचं ठरवलं आणि तिचं नाव ठेवलं दौलताबाद. मग दिल्लीचे अमीर-उमराव, मौलवी, सुफी, कवी बायकामुलांसकट इकडे आले. अख्खी दिल्ली ओस पडली असं आपण शाळेपासून ऐकतो, पण बऱ्याच इतिहासकारांना ती अतिशयोक्ती वाटते. मात्र जे आले, त्यांना कुणी विचारून आणलं नव्हतं.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास इथे येऊन गेला. तो लिहितो, दिल्ली ते दौलताबाद ४० दिवसांची वाट, दुतर्फा झाडं, आणि ठिकठिकाणी टपालाच्या चौक्या. त्याच टपालाच्या सोयीने सुलतान दौलताबादला असला, की त्याच्यासाठी पिण्याचं पाणी गंगेवरून यायचं! खुरासानची ताजी फळंसुद्धा असाच प्रवास करत सुलतानाकडे पोचायची. म्हणजे सुलतानाला घरची चव कुरियरने. बाकीच्यांनी काय करायचं? समोर मिळेल ते शिजवायचं.

दिल्लीकरांची पाहुण्याला जेवू घालायची पद्धत काय होती, हेही बतूताने लिहून ठेवलंय. मुलतानहून दिल्लीला येताना त्याला जे जेवण मिळालं त्यात पातळ रोट्या, भाजलेलं मांस, तूपभात आणि वर कोंबडी, शिवाय खिमा, बदाम, पिस्ते भरलेले 'संबूसक'. हो, आपले समोसेच. आधी सरबत, शेवटी विडा. आता याच माणसाने नंदुरबारला मराठ्यांमध्ये काय पाहिलं? तिथले वरच्या थरातले लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, प्राणी मारणं त्यांना आवडत नाही. विचार करा, त्या मेजवानीची सवय असलेल्या घराला असा शेजार मिळाला, आणि ईदला पाहुणे येणार आहेत!

दौलताबादला मात्र बतूताला द्राक्षं आणि डाळिंबं भेटली. डाळिंबं अजून आहेतच आपल्याकडे.

दिल्लीहून आलेल्यांत एक सुफी होते, बुऱ्हानुद्दीन गरीब. यातल्या 'गरीब'चा मूळ अर्थ पैसे नसलेला असा नाही, परका, परदेशी असा आहे. १३३७ मध्ये ते वारले. कबर खुलताबादला. त्यांच्या नावावरून पुढे बुऱ्हाणपूर शहराचं नाव पडलं. पुढे दिल्लीला परतायची मुभा मिळाली, पण हे परके इथेच राहिले. आज खुलताबादच्या उरुसाला लांबून माणसं येतात, तेव्हा यजमान आपण असतो.

आणि त्या पाहुण्यांना खिलवायचं काय? नान-खलिया! तुघलकाच्या फौजेसाठी मोठ्या भांड्यांत, मोठ्या भट्ट्यांवर हा पदार्थ सुरू झाला असं शहरात सांगतात. गोष्ट मस्त आहे, पण मला ती जशीच्या तशी पटत नाही. 'खलिया' हा शब्द फारसीतून आला, नान तिकडचाच, इथवर ठीक. पण त्या लालभडक तर्रीतली मिरची पोर्तुगीजांसोबत आली, म्हणजे १५०० च्या आसपास किंवा नंतर. तुघलकाच्या एकाही शिपायाने आयुष्यात मिरची चाखली नव्हती. म्हणजे ते जे काही खात असतील, त्यात नंतर शतकानुशतकं इथल्या बायकांनी आणि भटाऱ्यांनी हात घातलाय. आपण बोटं चाटून जो खलिया खातो, तो दिल्लीचा कमी आणि आपल्या शहराचाच जास्त!