वाळवंटातील हिमाची मोजदाद

संयुक्त अरब अमिरातीच्या रास अल खैमा मुलखातील जेबेल जैस पर्वतावर २००४ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २००९ च्या जानेवारीत हिमवृष्टी झाली, तेव्हा ज्या भूमीच्या दप्तरी पर्जन्याचीच नोंद तुटपुंजी, तेथे हिमाची मोजदाद कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न स्वाभाविकच होता. रडारलाही हिम सहज गवसत नाही. कारण तेवढ्याच जलबिंदूच्या मानाने हिमकण त्याची लहर जेमतेम एक-पंचमांश परतवतो. आडव्या व उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या यंत्राने ही अडचण काहीशी निवारली: मोठा थेंब पडताना चपटा होतो, गार मात्र गडगडत येत असल्याने दोन्ही अंगांनी बहुधा सारखीच दिसते. २०२४ च्या फेब्रुवारीत अल ऐन शहरात मोटारींच्या काचा फोडणाऱ्या गारांना अर्थातच रडारच्या साक्षीची गरज नव्हती.