फटका बसला, उंदीर थांबला. पण किती वेळ?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका उद्योगापासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो, नाव सोडा. आमच्या टीममध्ये ठरलं की रिलीजनंतर ज्याच्या कोडमध्ये बग सापडेल त्यानं शंभर रुपये डब्यात टाकायचे. मी उत्साहात एक बॉट लिहिला. बगचं तिकीट पडलं की बॉट ग्रुपवर त्या माणसाचं नाव टाकायचा, सोबत गाढवाचा इमोजी. महिन्याभरात बग अर्ध्यावर आले. मॅनेजर खूश, मी त्याहून खूश. तिसऱ्या महिन्यात क्लायंटचा फोन आला की पेमेंटचे आकडे चुकतायत. तो बग आमच्या एका ज्युनियरला तीन आठवडे आधीच दिसला होता. त्यानं तिकीट टाकलं नव्हतं. शंभर रुपयांचं काही नाही, त्याला त्या गाढवाची धास्ती होती.

म्हणजे बग तेवढेच होते. कमी झालं होतं ते सांगणं.

नंतर मी यावर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा प्रकार १९३८ मध्येच एका पुस्तकात नोंदलेला आहे. फक्त तिथे इंजिनिअर नव्हते, उंदीर होते.

पण त्याआधी मांजरं. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकनं कोलंबिया विद्यापीठात पीएचडीसाठी भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत ठेवलं. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडणार, बाहेर खायला. मांजर आधी ओरबाडायचं, धडपडायचं, चुकून खटका दाबला जायचा. पुन्हा पुन्हा ठेवल्यावर बाहेर यायचा वेळ हळूहळू कमी होत गेला. यातून त्याचा परिणामाचा नियम आला. ज्या वागण्यानंतर समाधान मिळतं ते पक्कं होतं आणि ज्यानंतर त्रास होतो ते सुटतं. गंमत म्हणजे १९३० च्या दशकात त्यानं स्वतःच नियमाचा दुसरा अर्धा भाग सैल केला. बक्षिसाची ताकद दिसत होती, शिक्षेची तेवढी नाही.

मग आला बी. एफ. स्किनर. त्यानं पेटीत एक दांडी बसवली. उंदरानं दांडी दाबली की खाण्याची गोळी पडायची. त्याच्या कामातून जे शब्द रुळले, त्यांत आपण सगळेच गोंधळतो, म्हणून जरा थांबू. रीइन्फोर्समेंट, पुस्तकी मराठीत प्रबलन, म्हणजे ज्यामुळे वागणं वाढतं ते. शिक्षा म्हणजे ज्यामुळे वागणं घटतं ते. आणि धन, ऋण म्हणजे चांगलं, वाईट असं नाही. गणितातलं अधिक आणि उणे, एवढंच.

रील टाकली, लाइक्स आले, अजून टाकली: धन प्रबलन. सीटबेल्ट लावला की कारची टूंटूं बंद होते, म्हणून लावायची सवय लागते: ऋण प्रबलन. तव्याला हात लागून चटका बसला, पुन्हा लावला नाही: धन शिक्षा. मस्ती केली म्हणून फोन जप्त झाला आणि मस्ती कमी झाली: ऋण शिक्षा. यातली मेख अशी की नाव परिणामावरून ठरतं, आपल्या हेतूवरून नाही. सर ओरडले आणि पोराची बडबड वाढली, तर ते ओरडणं प्रबलनच झालं. त्याला लक्ष मिळालं ना!

आता ती १९३८ ची नोंद. स्किनरनं उंदरांना दांडी दाबायला शिकवलं, मग गोळ्या बंद केल्या. काही उंदरांना सुरुवातीला दांडी दाबली की पंजावर फटका बसायचा. ते लगेच थांबले. पण फटके बंद झाल्यावर ते पुन्हा दाबायला लागले आणि शेवटी एकूण आकडा फटके न खाल्लेल्या उंदरांएवढाच झाला. शिक्षेनं वागणं पुसलं नव्हतं, नुसतं दाबून ठेवलं होतं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की तीव्र आणि तत्काळ शिक्षा वागणं जास्त काळ थांबवूही शकते. म्हणूनच मोह धोक्याचा होता.

कारण पुढे पेटीतून हे ज्ञान माणसांपर्यंत आलं. १९६४ मध्ये वुल्फ, रिस्ले आणि मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाची केस छापली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा लावला नाही तर त्याची नजर जाणार होती आणि तो चष्मा फेकून द्यायचा. सुरुवात झाली नुसत्या रिकाम्या फ्रेमपासून. हातात धरली की खाऊ, मग डोळ्यांजवळ नेली की खाऊ. फेकाफेक, आकांडतांडव केलं की काही वेळ खोलीत एकटं. हळूहळू तो दिवसाचे बरेच तास चष्मा लावायला लागला. १९६८ मध्ये या शाखेचं स्वतंत्र जर्नल निघालं, म्हणजेच अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, एबीए.

पण त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास ऑटिस्टिक मुलांना बक्षिसांसोबत थपडा आणि विजेचे झटकेही देत होता. १९६५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याचे फोटो छापून आले. मुलांनी स्वतःला इजा करणं थांबवावं हा त्यामागचा एक हेतू होता. आज अनेक ऑटिस्टिक प्रौढ एबीएवर रागावलेले आहेत, त्यात हा इतिहास आहे.

वळण आलं १९८२ मध्ये. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या ९ मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं: लक्ष मिळताना, अवघड काम सांगितल्यावर, एकटं असताना, खेळताना. वरून वागणं सारखं दिसत होतं, पण कारण प्रत्येकाचं सारखं नव्हतं. कुणाला त्यातून कामापासून सुटका मिळत होती, कुणाचं आणखी काही. १९८५ मध्ये कार आणि ड्युरांड यांनी पुढचं पाऊल टाकलं. काम जड जातंय म्हणून त्रागा करणाऱ्या मुलांना मदत मागायला शिकवलं. त्रागा कमी झाला. सांगायला दुसरी वाट मिळाली होती.

आता माझा बॉट परत बघा. गाढव बग केल्यावर येत नव्हतं, तिकीट टाकल्यावर येत होतं. म्हणजे मी शिक्षा ठेवली होती सांगण्याला. लपवलं की गाढव टळायचं, म्हणजे लपवण्याला ऋण प्रबलन. आणि ग्राफ खाली गेला की आम्ही खूश, म्हणजे शिक्षा देणाऱ्यालाही बक्षीस मिळत होतं! म्हणून तर ती सवय सुटत नाही.

बॉट बंद केल्यावर आम्ही पहिल्यांदा विचारलं, बग येतात तरी का? उत्तर साधं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी घाईत रिलीज व्हायचं आणि कोड रिव्ह्यूला वेळच नसायचा. रिलीज मंगळवारी नेलं. तिकिटं आधी वाढली, मग खरोखर कमी झाली.

त्या ज्युनियरला सॉरी म्हणायला मला दोन महिने लागले. तोवर त्यानं दुसरी नोकरी धरली होती. फोनवर हसला आणि म्हणाला, "दादा, ते गाढव तुम्ही बनवलं होतं? मला वाटलं मॅनेजरनं."

चला, आज इथेच थांबतो. कुणावर ओरडायची वेळ आली तर आधी तो उंदीर आठवा. पुढच्या भागात भेटू!