मापाचे हत्यार घरी आणण्यापूर्वी



मुलाने आयटीआयला फिटर किंवा टर्नरचा ट्रेड घेतला, की थोड्याच दिवसांत घरात मागणी येते, "अब्बा, एक व्हर्नियर हवा." बाजारात गेल्यावर त्याच नावाचे हत्यार काही शे रुपयांनाही मिळते आणि कित्येक हजारांनाही. बाप गोंधळतो. कोणते घ्यावे, याचे निम्मे उत्तर त्या हत्याराच्या इतिहासात आहे.

1542 साली पोर्तुगालचे गणिती पेद्रो नुनेश यांनी संधिप्रकाशावरचा आपला ग्रंथ लिस्बनला छापला. त्याच ग्रंथात याच विषयावरील एका अरबी लेखाचे लॅटिन भाषांतरही होते. तो लेख शतकानुशतके इब्न अल्-हैथम यांचा समजला गेला. पुढे संशोधकांनी तो अकराव्या शतकातील अंदलुसचे काझी इब्न मुआझ अल्-जय्यानी यांचा असल्याचे दाखविले. नुनेश यांनी या ग्रंथात अंशाचेही भाग मोजण्याची युक्ती सांगितली : एकाच उपकरणावर एकात एक असे अनेक कंस कोरायचे आणि प्रत्येकाचे भाग वेगळ्या संख्येने पाडायचे. युक्ती उत्तम, पण ते कोरणाऱ्या कारागिराचे हाल!

1631 साली पिएर व्हर्निए यांनी या सगळ्या कंसांऐवजी एकच छोटी सरकती पट्टी सुचविली. आजच्या व्हर्नियरवर 49 मिलिमीटरचे 50 भाग केलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग मिलिमीटरपेक्षा 0.02 ने लहान. कोणती रेघ कोणत्या रेघेशी जुळली, एवढेच डोळ्याने पाहायचे. दोन रेघांमधील अंतराचा अंदाज करण्यात डोळा फसतो. त्या जुळल्या की नाही, हे मात्र तो चांगले ओळखतो.

हे सारे आकाश मोजणाऱ्यांसाठी होते. कारखान्यात सूक्ष्म माप आले ते स्क्रूच्या वाटेने. लंडनचे हेन्री मॉडस्ली यांनी सुमारे 1805 मध्ये बाकावर ठेवायचा मायक्रोमीटर केला. त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत, कारण मापाचा तंटा तेथे मिटे. पण तो सामान्य कारागिराच्या आवाक्यातला नव्हता. 1848 मध्ये फ्रान्सचे पामर यांनी हातात धरता येणाऱ्या मायक्रोमीटरचे पेटंट घेतले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात तो अमेरिकेच्या ब्राउन आणि शार्प यांनी पाहिला, आणि त्यावरून त्यांनी खिशात मावेल असा मायक्रोमीटर विक्रीस काढला. न्याय देणारा लॉर्ड असा कारागिराच्या खिशात आला.

आता खरेदीचे बोलू. पहिले हत्यार चांगली पोलादी पट्टी. दुसरे 150 मिलिमीटरचा साधा व्हर्नियर, 0.02 वाचणारा. पैसे उरले तर 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर. त्याच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा व बाहेरील नळीवर 50 भाग असतात, म्हणून तो 0.01 दाखवितो. आकडे दाखविणाऱ्या स्वस्त डिजिटल व्हर्नियरला भुलू नका. पडद्यावर 0.01 दिसते, पण खरेपणा बहुधा दोन-तीन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे असतो. छंदाच्या कामाला तेवढे पुष्कळदा चालते. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला चालत नाही.

जुने हत्यार घेण्यात कमीपणा नाही. मी तर नव्या हलक्या मालापेक्षा जुना चांगला मायक्रोमीटर पसंत करीन. मात्र दुकानातच जबडे स्वच्छ पुसून बंद करा व उजेडाकडे धरा. व्हर्नियरच्या जबड्यांतून फट दिसली तर परत ठेवा. शून्य जुळते का, स्क्रू सर्वत्र सारखा फिरतो का, हे पाहा. शून्य किंचित चुकले असेल तर ते बहुतेक मायक्रोमीटरवर सोबतच्या पान्याने जुळविता येते. झिजलेल्या स्क्रूला मात्र इलाज नाही. दुकानदार घाई करू लागला तरी एकच तुकडा पाच वेळा मोजा. पाच वेळा पाच उत्तरे आली, तर पैसे खिशातच ठेवून पुढच्या दुकानात जा.