रिकामं आकाश रंगवणं इतकं अवघड का असतं? २०० वर्षांपूर्वीच्या चित्रातून तैलरंगाचे धडे

तैलरंग शिकताना अनेक जण एखादं गाजलेलं चित्र समोर ठेवून त्याची प्रतिकृती करतात. ढगाळ, उदास निसर्गचित्र नवख्यांना सोपं वाटतं. त्यात चेहरे नाहीत, हातांची बोटं नाहीत. जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिश (१७७४-१८४०) यांचं ‘समुद्राकाठी साधू’ हे चित्र तर जवळपास रिकामंच दिसतं. पण रंगवायला घेतल्यावर हे रिकामपणच सर्वांत जास्त घाम काढतं.

चित्रात नेमकं काय आहे?

१८०८ ते १८१० दरम्यान रंगवलेलं हे चित्र आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. खाली फिकट वाळू, मग काळपट समुद्राची पट्टी आणि वर नुसतं आकाश. पाठमोरा उभा असलेला साधू अगदी इवलासा आहे.

ही रोमँटिसिझमच्या काळातली कलाकृती आहे. इथे ‘रोमँटिक’चा संबंध प्रेमकथेशी नाही, निसर्गाच्या भव्यतेपुढे माणसाला जे वाटतं, त्याच्याशी आहे.

सुरुवात कशी करायची?

बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनने पातळ करून आधी फक्त उजेड-अंधाराचा आराखडा काढतात. हा रंग लवकर वाळतो. मूळ चित्राचा आणि आपल्या कामाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो घेऊन शेजारी ठेवला, की कुठे गडद-फिकं चुकलं ते लगेच दिसतं.

आकाशाचा करडा रंग नुसत्या काळ्या-पांढऱ्यातून काढला तर निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर आणि पांढरा यांचं प्रमाण बदलत गेलं, की थंड आणि उबदार अशा दोन्ही छटा मिळतात. साधू सगळ्यात शेवटी.

घाई का चालत नाही?

तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवायचे असतात. हे उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडू शकतात. दोन थरांमध्ये काही दिवस थांबावं लागतं.

काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवणं किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणं सुरक्षित.

फ्रीडरिश यांनी काय पुसलं?

काही थर झाले की आकाश ओकंबोकं वाटू लागतं. एखादी होडी, एखादा चंद्र घालावासा वाटतो. फ्रीडरिश यांनाही हा मोह झाला होता. इन्फ्रारेड तपासणीत दिसलं, की त्यांनी समुद्रावर आधी जहाजं काढली होती. नंतर त्यांनीच ती झाकून टाकली. नजरेला अडकायला काही उरलं नाही, म्हणून साधू इतका एकटा दिसतो.

प्रतिकृती करणाऱ्याने होडी घातली, तर चित्र कदाचित देखणं होईल; पण तो एकटेपणा जाईल.

प्रतिकृती पोस्ट करता येते का?

फ्रीडरिश यांच्या निधनाला १८० हून अधिक वर्षं झाल्याने मूळ चित्रावर कॉपीराइट उरलेला नाही. मात्र पोस्टमध्ये मूळ चित्रकाराचं नाव लिहावं. प्रतिकृती ‘अस्सल’ म्हणून विकणं ही फसवणूक ठरते.